आपली म्हणजे कोणाची?

तपासणीची जीप कालव्याच्या पुलावर दिसली आणि सुनेच्या हातातली पालकाची जुडी सुटली. एरवी ही बाई बोलता बोलता, भांडता भांडता, गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची विचारपूस करता करता जुड्या बांधायची आणि एकही सैल पडायची नाही. आज सकाळपासून तिच्या हातून धड एक जुडी होत नव्हती. सुतळीची गाठ मारायला जावं तर बोटं ऐकतच नव्हती.

"आले," ती म्हणाली.

सासरे भाजी धुवायच्या हौदाच्या कठड्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पायाच्या अंगठ्याकडे बघत ते पुटपुटत होते, "मा... माझी. मा... माझी."

"बाबा, पाणी देऊ का?"

"नको. मालकांच्या कृपेनं तहान नाही," सासरे म्हणाले.

कालव्याला लागून ही लांबट पट्टी. एका टोकाला यांची पत्र्याची खोली, दुसऱ्या टोकाला शेजारच्या पंपवाल्याचा बांध, आणि मधे पालक, मुळा, कोबी, जे त्या हंगामात बाजारात चालेल ते. सासरे इथं आले तेव्हा त्यांना मिसरूड फुटलेलं नव्हतं आणि इथं दगडांशिवाय काही नव्हतं. त्यांनी दगड वेचले, कालव्यातला गाळ डोक्यावरून वाहून आणला, बायको आणली, मुलगा झाला, बायको गेली, आणि जमीन होती तशी मालकांचीच राहिली. निम्मी भाजी मालकांच्या बंगल्यावर जायची, तीही निवडून. किडकी, वेडीवाकडी, फुटलेली ती घरची.

मग नवं सरकार आलं आणि त्यानं नवा कायदा केला. जो माणूस ज्या तुकड्यावर बारा वर्षांहून जास्त राबला, तो तुकडा त्याचा. कायदा करणारे हुशार होते. कागद मालक लोकांच्या कपाटात असतात आणि एकदा कपाटात गेलेल्या कागदाला वाटेल ते बोलायला लावता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, कागद नकोतच. अधिकारी बांधावर येणार, मालक आणि शेजारी समोर असणार, आणि राबणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं की ही जमीन कोणाची. माझी म्हणाला तर त्याच्या नावावर. मालकांची म्हणाला तर तो मजूर, विषय संपला. तीन वेळा विचारायचं, तिसरं उत्तर पक्कं. घरच्या दुसऱ्या कोणी मधे तोंड घातलं तर तपासणी रद्द, पुन्हा होणार नाही. कागद कोणाचाही असो, तोंड तर ज्याचं त्याचं असतं, असा त्यांचा सरळ विचार. त्या शहाण्यांवर दुसऱ्याच्या अंगणात हात जोडून उभं राहायची पाळी कधी आली नसावी.

मालकांनी कालव्याकाठची सगळी जमीन गोदामं बांधणाऱ्या एका कंपनीला द्यायचं कधीच ठरवून टाकलं होतं. आखणीच्या लाल खुंट्याही ठोकून झाल्या होत्या. त्यातली एक बरोबर यांच्या दारात होती, येता जाता पायाला ठेच लागायची. सासऱ्यांच्या तोंडून मालकांची असा शब्द निघाला, की उभा पालक काढून होईपर्यंतची सवलत, आणि मग चंबूगबाळं उचलून चालू लागायचं. कुठं, ते कोणीच सांगत नव्हतं.

मालक म्हणजे आरडाओरडा करणारा माणूस असेल असं कोणाला वाटेल. छे. मालक कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांना तशी गरजच पडली नव्हती.

गेल्या आठवड्यात पंपवाल्याची तपासणी झाली. पंपवाला म्हणजे तोंडाचा फटकळ, कालव्यावरच्या सगळ्यांचे पंप दुरुस्त करणारा गडी. छाती पुढं काढून म्हणाला, "माझी." पहिल्या झटक्यात. बांधावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, सुनेनंही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाणी सोडलं आणि मग बघतो तर विहिरीतल्या पाण्यावर रंगीत तवंग. डिझेल. पिंपभर तरी ओतलं असेल. कोबीचे गड्डे कडेनं काळे पडत गेले. कोणी काही पाहिलेलं नव्हतं. दुपारी मालक स्वतः भेटायला आले, हळहळले, म्हणाले, "काय दिवस आलेत बघ," आणि त्यांनी पिण्याच्या पाण्याचा टँकर पाठवून दिला. टँकर दारात उभा राहिला तसा पंपवाला कचेरीत गेला आणि चूक झाली, बोलण्याच्या भरात बोलून गेलो, असं सांगून आला. तेव्हापासून तो कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता.

जो छातीठोक म्हणाला त्याची ही गत. सासऱ्यांचं तर नावच होयबा. कालव्यावर सगळे त्यांना होयबा म्हणायचे, तोंडावरसुद्धा म्हणायचे, आणि त्यालाही ते होय म्हणायचे. बी उगवलं तर मालकांची कृपा, खोकला कमी झाला तर मालकांची कृपा, आणि कालवा फुटून सगळा मुळा वाहून गेला तेव्हाही ते म्हणाले होते, मालकांच्या कृपेनं घर राहिलं.

मालकांकडे पाठ करायची नाही, हा इथला जुना रिवाज. बंगल्यावरून निघायचं तर हात जोडून उलट पावली पायऱ्या उतरायच्या. आताची पोरं ते मानत नव्हती, पण सासऱ्यांच्या पायांनाच ते वळण पडलेलं. एकदा मालक हौदापाशी भाजी बघायला आले असताना सासरे "येतो मालक, येतो मालक" करत मागं सरकत सरकत थेट हौदात पडले. नाकातोंडात पाणी गेलं, पण पाठ फिरवली नाही. सून तेव्हा नवी नवरी होती. तिचा बाप शहरातला सुतार, कोणाचा मिंधा नसलेला माणूस. तिला हसू आवरेना. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो हसत नव्हता, तो बापाला बाहेर काढत होता आणि काढता काढता तोही मालकांकडे तोंड करूनच उभा होता. तिचं हसू जागीच विरलं.

आता नवरा मालकांचा ट्रक चालवायचा. कालच मालकांनी त्याला माल देऊन बंदराच्या गावी पाठवलं होतं, आणि माल उतरला तरी आजची संध्याकाळ होईपर्यंत तिथंच थांब म्हणून निरोप दिला होता. सकाळी त्याचा फोन आला.

"बाबांना काही शिकवलंस का?" त्यानं विचारलं.

"नाही," सून धडधडीत खोटं बोलली.

"नको शिकवूस. पंपवाल्याची विहीर आठव." मग आवाज खाली आला. "शेजारी माणूस आहे. ठेवतो."

नको शिकवूस हे सांगणं नवऱ्याचं होतं की त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाचं, हे तिला कळायला मार्ग नव्हता. फोन ठेवून ती पालकाच्या वाफ्यात येऊन बसली, आणि तेव्हापासून जुड्या सुटत होत्या.

शिकवलं तर तिनं होतंच. पंपवाल्याची तपासणी झाली त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झाल्यावर ती सासऱ्यांना खाटेवर बसवायची आणि स्वतः कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची.

"बाबा, मी तपासणीवाली बाई. सांगा, ही जमीन कोणाची?"

"मा..."

"हं, बोला, बोला."

"मा... मालकांची."

घोळ असा, की माझी आणि मालकांची हे दोन्ही शब्द एकाच अक्षरानं सुरू होतात. गाडी मापर्यंत नीट यायची आणि पुढं जुन्या चाकोरीत घसरायची. सून डोक्याला हात लावायची, पुन्हा विचारायची. हळूहळू सासऱ्यांना जमायला लागलं. ते भिंतीला माझी म्हणाले. हौदाला म्हणाले. कोंबडीला तर इतक्या ठसक्यात म्हणाले, की ती फडफडत खाटेखाली गेली. त्या दिवशी दोघंही पोट धरून हसले. सुनेला वाटलं, जमलं.

मग तिनं खुंटीवरचा कोट काढून दारावर टांगला. मालकांनी दिलेला जुना कोट होता तो, तपकिरी, कोपरांवर झिजलेला. थंडीत सासरे तोच घालायचे.

"हे मालक आहेत असं समजा," ती म्हणाली. "आता सांगा."

सासरे खाटेवरून उठले. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. त्यांनी कोटाकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि म्हणाले, "आपली."

"कोणाची?"

"आपली."

आपली हा शब्द मोठा लबाड. समोरच्याला मान द्यायचा असला की आपण म्हणतो, आपली तब्येत कशी आहे, आपली गाडी लावली आहे. आणि घरातल्या चार माणसांत तोच शब्द, आपली गाय व्याली, आपली पोर पास झाली. एकदा अर्थ तुमची, एकदा अर्थ आम्हा सगळ्यांची. जन्मभर मालकांसमोर राहिलेल्या माणसाला याच्याइतका सोयीचा शब्द दुसरा नाही. कोणी रागवत नाही आणि खोटंही बोलावं लागत नाही.

"आपली म्हणजे कोटाची, की आपल्या घरची?" सुनेनं चिडून विचारलं.

सासरे खाटेवर टेकले. "पोरी, तुला जमीन जायची भीती. मला ती मिळायची भीती वाटते गं. पंपवाल्याला मिळालीच होती की, एक रात्र."

सुनेनं कोट दारावरून काढला आणि गोधडीखाली कोंबला, अगदी तळाशी. आता डोळ्यांआड केला म्हणजे मनाआड होईल, असं तिला वाटलं असावं. काहीतरी करायला हवं होतं, तर तिनं एवढं केलं.

जीप बांधाशी थांबली. मागं मालकांची पांढरी गाडी.

जीपमधून तपासणीच्या बाई उतरल्या. किडकिडीत, उन्हानं रापलेल्या, पायात धुळीनं माखलेले बूट. त्यांच्यामागून कारकून, काखेत पुठ्ठ्याला लावलेले कागद. बाईंनी उतरताच आजूबाजूला नजर टाकली, आधी पांढऱ्या गाडीकडे, मग आपल्या जीपच्या ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "जीपचं तोंड फिरवून ठेवा, लगेच निघायचंय." ते सुनेनं ऐकलं. म्हणजे यांनाही भीती वाटते.

मालक उतरले. त्यांच्याबरोबर दोघं दांडगे गडी होते, ते गाडीला टेकून उभे राहिले. त्यांनी काही केलं नाही. एकानं फक्त हौदाकडे बघितलं, मग कालव्यातून येणाऱ्या पाटाकडे बघितलं, आणि सून त्याची नजर कुठं कुठं जाते ते बघत राहिली. शेजारी म्हणून बोलावलेला पंपवाला बांधाच्या कडेला खाली मान घालून उभा होता.

"काय रे होयबा, बरा आहेस ना?" मालक म्हणाले.

"आपली कृपा, मालक." सासरे हात जोडून उभे राहिले.

"खोकला?"

"आपल्या कृपेनं कमी आहे."

"आणि कोट कुठं गेला तुझा? सकाळचा गारठा आहे. मी मुद्दाम दिला होता." मालकांनी सुनेकडे बघून हसल्यासारखं केलं. "सुनेनं धुवायला टाकला वाटतं. आज बाजारही बुडवलास गं?"

"होय मालक," सून म्हणाली.

शब्द तिच्या तोंडून गेला आणि ती स्वतःच दचकली. बाजारात जिची हाक चौथ्या गल्लीत ऐकू जाते ती हीच बाई. सासऱ्यांना या दोन शब्दांवरून तिनं किती टोचून बोललेलं. आणि आज तेच दोन शब्द तिच्या जिभेवर असे तयार बसले होते, जणू तिचा जन्म याच कालव्यावर झाला होता. तिला पहिल्यांदाच सासऱ्यांची खरी कीव आली. आणि आपण हरणार, असंही पहिल्यांदाच वाटलं.

बाईंनी नियम वाचून दाखवले. तीनदा विचारणार. तिसरं उत्तर पक्कं. घरच्यांनी बोलायचं नाही. "समजलं ना?" त्यांनी सुनेला विचारलं. सुनेनं मान डोलावली आणि ओठ घट्ट मिटले.

"आजोबा, ही जमीन कोणाची?"

"मा..." सासरे म्हणाले.

सगळे थांबले. गाडीला टेकलेल्यांपैकी एक सरळ उभा राहिला.

"मा... मालक, पाणी घेणार का?"

कारकून फिस्सकन हसला. मालकही हसले, आणि म्हणाले, "बघा, किती जीव लावतो म्हातारा."

"हे उत्तर झालं नाही," बाई म्हणाल्या. "पण एकदा विचारलं असं धरावं लागेल मला. नियम आहे. आजोबा, घाबरू नका. पुन्हा विचारते. ही जमीन कोणाची?"

सासऱ्यांनी मान आणखी खाली घातली. जोडलेले हात कपाळाशी नेले. "आपली," ते म्हणाले.

कारकुनानं लगेच पेन टेकवलं. "मालकांची," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"थांबा." बाईंनी कागदावर हात ठेवला.

"आता थांबायचं काय त्यात?" मालक सावकाश म्हणाले. "आपली म्हणाला तो. इथं मालकाला आपण म्हणायची पद्धत आहे, बाई. तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला ठाऊक नसेल. आपली म्हणजे माझी."

"माझ्या घरीही आपली म्हणतात," बाई म्हणाल्या. त्यांचा हात कागदावरून हलला नाही. त्या पंपवाल्याकडे वळल्या. "तुम्ही शेजारी ना? कोणाकडे बघून म्हणाले हे?"

पंपवाल्यानं गेल्या आठवड्यापासून कोणाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. तो घसा खाकरला. मालक त्याच्याकडे बघत होते.

"जमिनीकडे बघून म्हणाले," पंपवाला म्हणाला, आणि पुन्हा खाली बघायला लागला.

"मग मला काहीच लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा विचारते. हे शेवटचं, आजोबा. मनाशी नीट ठरवून सांगा."

सुनेचं तोंड त्या एका शब्दानं भरलं होतं. माझी म्हणा, बाबा. माझी. आता म्हणा. पण ओठ उघडले की सगळं संपलं. तिला सगळं एकदम दिसायला लागलं, दारातली लाल खुंटी, पत्रे काढलेली खोली, आणि त्याच्या मागोमाग तवंग धरलेलं पाणी, काळा पडलेला पालक, बंदराच्या गावात कोणाच्या तरी शेजारी बसलेला नवरा. सासरे हरले तरी भीती होती आणि जिंकले तरी भीती होती. पळून जावंसं वाटण्याइतकी ती घाबरली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

सासरे मालकांसमोर उभे होते, हात जोडलेले, पाठीमागं सगळी पट्टी. त्या पट्टीत कोणीच नव्हतं. समोर मालक, बाजूला बाई, तिकडे ते दोघं. म्हाताऱ्यानं बोलायचं तर बोलायचं कोणाला? भिंतीला बोलता येत होतं, कोंबडीला बोलता येत होतं. कोट समोर आला की शब्द बदलायचा.

सून हलली. मालकांसमोरून, त्या दोघांसमोरून, सासऱ्यांना वळसा घालून ती त्यांच्या मागच्या वाफ्यात गेली. एका सरीत तर ती पालकावरच पडता पडता वाचली. सकाळी टाकलेला विळा तिथंच होता. ती खाली बसली, डाव्या हातात पानं धरली आणि विळा ओढला.

खस्.

"हे काय चाललंय?" मालकांचा आवाज पहिल्यांदा किंचित चढला. "घरच्यांनी मधे यायचं नाही असं आत्ताच वाचलंत ना?"

"बोलायचं नाही, असं वाचलं," बाई म्हणाल्या. "त्या बोललेल्या नाहीत. भाजी काढताहेत."

खस्. खस्. सुनेनं वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर हात थांबला असता. त्या दोघांपैकी एक गाडीपासून निघून बांधावर चढल्याचं तिला त्याच्या सावलीवरून कळलं. सावली तिच्या हातावर आली. तिनं सावलीतलाच पालक कापला.

"आजोबा, ही जमीन कोणाची?"

सासऱ्यांचं डोकं किंचित वर झालं. आपल्या वाफ्यात कोणी पालक कापतंय हे त्यांना ऐकू आलं होतं. विळा कोणाच्या हातात आहे हेही त्यांना त्या आवाजावरूनच कळत असणार, रोजचं होतं ते. आधी त्यांची मान वळली. मग जोडलेले हात सुटले. मग एक पाय फिरला, तो जरा वेळ तसाच तिरका राहिला. मग दुसरा पाय फिरला.

होयबाची पाठ मालकांकडे झाली होती.

पंपवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. सुनेचा विळा थांबला. तिनं वर बघितलं तर सासरे थेट तिच्याकडे बघत होते.

"आपली," ते तिला म्हणाले.

शब्द तोच होता.

बाईंनी कागदावरचा हात काढला. "घरच्या माणसाला सांगितलंय त्यांनी. लिहा."

"काय लिहू?" कारकुनानं मालकांकडे बघत विचारलं.

"त्यांची, असं लिहा. आणि माझ्याकडे बघून लिहा."

कारकुनानं लिहिलं. पंपवाल्यानं शेजारी म्हणून सही केली. सहीची शेपटी कागदाबाहेर गेली. मग तो हळूच बाईंना म्हणाला, "माझी पुन्हा होईल का तपासणी?" बाई म्हणाल्या, "अर्ज करा." आणि घाईघाईनं जीपकडे गेल्या. तोंड फिरवलेली जीप पुलावरून दिसेनाशी झाली. कायदा आला तसा गेला, आणि बांधावर उरले ते इथलेच लोक.

मालक वाफ्याच्या कडेपर्यंत आले. सासऱ्यांच्या पाठीकडे त्यांनी थोडा वेळ बघितलं. ही पाठ त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. सदऱ्याला मधोमध मोठं ठिगळ होतं, तेही त्यांना आजच दिसलं असेल.

"सूनबाई," ते नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, "नवरा आला की ट्रकची चावी बंगल्यावर आणून द्यायला सांगा. घाई नाही." इतकी वर्षं ते तिला अगं-तुगं करत होते. आज पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. "आणि जपून राहा. शेवटी आपलीच माणसं आहात तुम्ही."

ते वळले आणि गाडीकडे चालू लागले. सून उठून उभी राहिली. नवऱ्याची नोकरी गेली, एवढं तिला कळलं. आज आणखी काय काय जाणार, ते कळत नव्हतं. हौद उघडा होता. पाट उघडा होता. आजपासून कोणीतरी पाण्यापाशी बसून राहायला हवं, असं तिच्या मनात आलं. पंपवाला अजून तिथंच घुटमळत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणजे तोही बसेल.

सासरे मात्र वळले नव्हते. ते तसेच उभे होते, तोंड वाफ्याकडे, पाठ बांधाकडे, हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे मोकळे. पाय इतके थरथरत होते की विजार फडफडत होती.

"गेले का गं?" त्यांनी विचारलं.

सुनेनं त्यांच्या खांद्यावरून बघितलं. मालक गाडीत बसले नव्हते. गाडीच्या उघड्या दाराला धरून ते उभे होते, फोन कानाला लावलेला, आणि बोलता बोलता इकडेच बघत होते. गेले म्हणून सांगावं, असं तिला क्षणभर वाटलं. म्हातारा खाली तरी बसला असता.

"नाही बाबा. आहेत अजून. इकडेच बघताहेत."

"मग थांबतो असाच," सासरे म्हणाले.